मनाचा सल्ला : पॅनिकच्या गोळ्या चालू असताना सीबीटी कशासाठी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र घबराटीचे झटके येण्याचा आजार, याविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. त्यात वारंवार येणारी सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारा, गोळ्यांशिवायचा मानसोपचार. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. कोणतीही गोळी सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून नोकरीसाठी रोज डोंबिवलीहून दादरला जाते. गेल्या वर्षी जलद लोकलमध्ये अचानक छातीत धडधडू लागले, घाम फुटला, हातांना मुंग्या आल्या आणि आता आपले काही खरे नाही असे वाटले. नंतर असे अनेकदा झाले. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळे नॉर्मल निघाले. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम सुरू केली आणि फारच त्रास झाला तर घेण्यासाठी क्लोनाझेपाम दिली. झटके आता जवळजवळ थांबले आहेत, तरी डॉक्टर सीबीटी करून घ्या म्हणतात. बरे वाटत असताना हा खर्च आणि वेळ कशासाठी? दोन्ही एकत्र घेतल्याने काही अपाय होतो का? मी अजून धिम्या गाडीनेच जाते, जलद गाडीत चढत नाही, हे मात्र डॉक्टरांना सांगितलेले नाही.

उत्तर : जे वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितले नाही, त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. डोंबिवलीहून सुटलेली जलद गाडी बहुधा थेट ठाण्यालाच थांबते, तर धिमी गाडी कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी थांबत जाते आणि दर काही मिनिटांनी उतरण्याची सोय ठेवते. झटके थांबले असले तरी ‘झटका आला तर मला लगेच उतरता आले पाहिजे’ ही अट तुम्ही अजून पाळत आहात. झटका, पुढच्या झटक्याची धास्ती आणि त्या धास्तीपोटी होणारी टाळाटाळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोळीचा प्रभाव या तिन्हींवर सारखा पडत नाही.

हे प्रथम लक्षात आले ते १९६०च्या आसपास, न्यूयॉर्कमधील हिलसाइड रुग्णालयात. डोनाल्ड क्लाइन हे मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा इमिप्रामिन हे नवे औषध अशा रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवड्यांनंतरही रुग्णांचे म्हणणे होते की काहीच फरक नाही, आणि डॉक्टरही निराश झाले होते. वॉर्डमधील परिचारिकांच्या लक्षात मात्र वेगळेच आले. हेच रुग्ण पूर्वी दिवसातून अनेकदा ‘मी मरतो आहे’ म्हणत त्यांच्या टेबलाशी धावत येत असत आणि आता ते येणे थांबले होते. झटके गेले होते, पण एकट्याने बाहेर पडण्याची भीती जशीच्या तशी होती, म्हणून रुग्णांना स्वतःला बरे वाटत नव्हते. पुढे १९८०मध्ये अमेरिकेतील रोगवर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामागे हे निरीक्षण होते. तुमची धिमी गाडी म्हणजे त्या वॉर्डमधीलच गोष्ट आहे.

आता सीबीटी नेमके काय करते ते पाहू. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये पॅनिकचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आजही या उपचाराचा पाया आहे. जिना चढल्याने, उकाड्याने, चहा जास्त झाल्याने किंवा नुसत्या दगदगीने छातीत थोडे धडधडते. ते कोणालाही होते. पॅनिकच्या रुग्णाला मात्र त्या धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लागतो, मुंग्यांचा ‘लकवा’ असा आणि डोके हलके होण्याचा ‘आता मी पडणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ असा लागतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने अॅड्रेनालिन वाढते, त्याने धडधड आणखी वाढते आणि रुग्णाला आपल्या शंकेचा पुरावाच मिळाल्यासारखे वाटते. काही मिनिटांतच हे चक्र टोकाला पोहोचते. या चक्रातला ‘अर्थ’ बदलण्याचे काम गोळी करत नाही. ती धडधडच कमी करते, त्यामुळे अर्थ तपासून पाहण्याची वेळच येत नाही.

सीबीटीत हा अर्थ तपासला जातो, तोही केवळ बोलून नव्हे, तर करून पाहून. साधारण बारा ते सोळा बैठका होतात, प्रत्येक बैठकीनंतर घरी करायचा अभ्यास असतो आणि त्याची वही ठेवावी लागते. कधी झटका आला, त्या क्षणी मनात काय आले, काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले, असे चार रकाने. वही कंटाळवाणी वाटते हे खरे, पण चौथा रकाना दर वेळी तिसऱ्यापेक्षा वेगळा निघतो, हे आपल्याच हस्ताक्षरात वाचण्याला पर्याय नाही. तुमच्या बाबतीत पुढची पायरी बहुधा अशी असेल : आधी सुटीच्या दिवशी, गर्दी नसताना, बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर डोंबिवली ते ठाणे जलद गाडीने, मग तोच प्रवास एकट्याने, मग ठाण्याच्या पुढे दादरपर्यंत, आणि शेवटी कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीवर घाबरायला होईल आणि ते होऊ द्यायचे आहे. भीती आल्यावर मधल्याच स्टेशनावर न उतरता थांबले की ती आपली आपण ओसरते, हे शरीराला कळणे हाच उपचार आहे.

दोन्ही एकत्र घेतल्याने अपाय होत नाही. उलट सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हींचा मिळून परिणाम एकेकट्या उपचारापेक्षा अधिक दिसतो. जपानमधील तोशिअकी फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात हेच आढळले. उपचार संपल्यानंतरही एकत्र उपचार घेतलेले रुग्ण केवळ गोळ्या घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. केवळ थेरपी घेतलेल्यांपेक्षा मात्र ते पुढे नव्हते. ज्या रुग्णाला झटक्यांमुळे घराबाहेर पडणेच शक्य नाही किंवा ज्याला बरोबरीने नैराश्यही आहे, त्याला आधी गोळीचा आधार देऊन मग थेरपीत आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नुसते ‘मनाने घ्या’ म्हणून त्याला महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवणे योग्य नाही.

इथे एक गुंतागुंत आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार केंद्रांत ३१२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उपचार चालू असेपर्यंत सीबीटी आणि इमिप्रामिन एकत्र घेणारे पुढे होते. पण सगळे उपचार थांबवल्यानंतर सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा सीबीटी आणि खरे औषध घेतलेल्यांपेक्षा केवळ सीबीटी किंवा सीबीटी आणि खोटी गोळी घेतलेले रुग्ण अधिक टिकून होते. त्याआधी, १९९३मध्ये, आयझॅक मार्क्स यांच्या लंडन आणि टोरंटोमधील अभ्यासात अल्प्राझोलाम या घबराट लगेच शमवणाऱ्या गोळीबाबतही असेच दिसले होते. त्याच रुग्णांच्या पुढील पाहणीत असे आढळले की ज्यांनी आपल्या सुधारणेचे श्रेय गोळीला दिले, त्यांचा आजार गोळी थांबल्यावर अधिक प्रमाणात उलटला. आजच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या वेगळ्या गटातील आहेत, म्हणून हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यातला धडा व्यवहारात उपयोगी आहे.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात. डबा बांधून मूल कितीही छान तरंगले तरी शिकवणारा पाण्यात असतानाच एक दिवस तो सोडावा लागतो, नाहीतर ‘मी तरंगतो’ याऐवजी ‘डबा तरंगवतो’ एवढेच मूल शिकते. म्हणून माझा आग्रह असा असतो की थेरपी गोळ्या चालू असताना सुरू करावी, पण गोळ्या कमी होण्याच्या काळात ती संपलेली नसावी. जलद गाडीचा प्रवास पूर्ण मात्रेवर जमला, निम्म्या मात्रेवर जमला आणि गोळी थांबल्यानंतरही जमला, तरच तो तुमचा स्वतःचा झाला. बारा बैठका पहिल्या तीन महिन्यांत उरकून टाकण्यापेक्षा दोन-तीन बैठका त्या काळासाठी राखून ठेवाव्यात.

गोळी कमी करण्याची घाई मात्र करू नये. झटके पूर्ण थांबल्यानंतर साधारण एक वर्ष तरी ती चालू ठेवावी आणि नंतर काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावी. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. तो आजार परतल्याचा पुरावा नसतो, पण रुग्णाला नेमके तसेच वाटते.

राहता राहिली पर्समधली क्लोनाझेपाम. ती तुम्ही अनेक आठवडे घेतली नसेल, तरी ती पर्समध्ये आहे की नाही हे घरातून निघताना तपासत असाल, असा माझा अंदाज आहे. न घेतलेली गोळीसुद्धा उपचारात आड येते. प्रवास सुखरूप झाला की त्याचे श्रेय पर्सला जाते. पाण्याची बाटली, खिशातली सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराच्या दुखण्यावरची गोळी, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, दाराजवळचीच जागा, या सगळ्यांचे तसेच. यातले काय कधी सोडायचे ते थेरपिस्टबरोबर ठरवा, आणि धिम्या गाडीची गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. केवळ ‘झटके आले नाहीत’ एवढेच कळले तर ते तुम्हाला बरे झाल्याच्या यादीत धरतील.

प्रश्न : माझ्या पत्नीला पॅनिकसाठी सर्ट्रालीन चालू आहे आणि इथे नाशिकलाच ती सीबीटीला जाते. थेरपिस्ट तिला मुद्दाम एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला, जागच्या जागी धावायला, नाक धरून स्ट्रॉमधून श्वास घ्यायला आणि गोल फिरणाऱ्या खुर्चीवर गरागरा फिरायला लावतात. घरीही रोज करायला सांगितले आहे. ते करताना ती रडकुंडीला येते. आई म्हणते, हा आजार बरा करण्याचा प्रकार आहे की वाढवण्याचा? त्यापेक्षा प्राणायाम का नको? मी सध्या तिला एकटीला कुठेही जाऊ देत नाही.

उत्तर : आईंची काळजी समजण्यासारखी आहे, पण तुमच्या पत्नीला योग्य थेरपिस्ट मिळाले आहेत असे या वर्णनावरून वाटते. पॅनिकमध्ये भीती बाहेरच्या वस्तूची नसून स्वतःच्या शरीरातील संवेदनांची असते. पालीला घाबरणाऱ्याला हळूहळू पालीजवळ नेतात, तसे इथे धडधड, मुंग्या, भोवळ आणि घुसमट यांच्याजवळ न्यावे लागते. त्या संवेदना मागवल्याशिवाय हे साधत नाही. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या किंचित आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. हे सगळे श्वास पूर्ववत झाला की काही मिनिटांत जाते. ‘मी बेशुद्ध पडेन’ ही भीती तर बहुतेकांना असते. बेशुद्ध पडताना रक्तदाब घसरतो, आणि पॅनिकमध्ये तो उलट चढतो, त्यामुळे पॅनिकच्या झटक्यात भोवळ आल्यासारखे वाटले तरी प्रत्यक्षात कोसळणे विरळाच असते.

आईंना एक गोष्ट विचारून पाहावी. कपालभाती जोरात केली तर डोके हलके होते, मुंग्या येतात, आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. संवेदना बहुतांशी तीच असते, अर्थ वेगळा असतो. प्राणायामाला माझा विरोध नाही, निवांतपणासाठी तो रोज अवश्य करावा. मात्र झटका आला की तो दाबून टाकण्यासाठी लगबगीने दीर्घ श्वसन सुरू केले, तर ‘श्वास सांभाळला म्हणून वाचले’ असा नवा समज तयार होतो आणि तोही नंतर सोडवावा लागतो.

दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास हे व्यायाम वगळावे लागतात किंवा बदलावे लागतात, म्हणून यांपैकी काही असल्यास थेरपिस्टना कल्पना द्या. सर्ट्रालीन सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिले एक-दोन आठवडे अस्वस्थता थोडी वाढू शकते. म्हणूनच पॅनिकमध्ये ती नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरू करतात, आणि खरा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. रडकुंडीला येणे हे व्यायामामुळे आहे की या दिवसांमुळे, हे डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना सांगितले तर वेग जुळवून घेता येतो. दोघे वेगवेगळ्या दवाखान्यांत असले तर एकमेकांना चिठ्ठी पाठवण्याची विनंती करायला संकोचू नका. आपल्याकडे हे आपण होऊन क्वचितच घडते.

आता तुमच्याविषयी. तुम्ही प्रेमापोटी सोबत जाता, पण सोबत हाही एक आधारच आहे, आणि तो काढण्याचा क्रम ठरवायला हवा. आधी तुम्ही दुकानाबाहेर थांबा आणि ती आत जाऊ दे. मग तुम्ही घरी थांबा, फोन चालू ठेवा. मग फोनही नको. व्यायामाच्या वेळी ‘पुरे आता, बस’ असे म्हणू नका आणि ‘काही होत नाही तुला’ असेही दर मिनिटाला सांगू नका. शेजारी बसा आणि घड्याळ पाहा.

प्रश्न : माझे वय ६२. अकरा वर्षांपूर्वी घाबरल्यासारखे होत असे म्हणून अल्प्राझोलाम ०.५ सुरू झाली, ती अजून दिवसातून दोनदा घेतो. एक दिवस चुकली तरी हात थरथरतात. मुलगा म्हणतो, सीबीटी सुरू करा आणि गोळी फेकून द्या. करू का? (कोल्हापूर)

उत्तर : सीबीटी सुरू करा, पण गोळी फेकू नका. इतक्या वर्षांची अल्प्राझोलाम एकदम बंद केल्यास झोप उडणे, तीव्र घबराट आणि क्वचित आकडीही येऊ शकते. हाताची थरथर हे मूळ आजाराचे नव्हे, तर शरीराला लागलेल्या सवयीचे लक्षण असण्याची शक्यता अधिक आहे. मानसोपचारतज्ज्ञ बहुधा तुमची मात्रा अधिक काळ परिणाम टिकणाऱ्या, त्याच गटातील गोळीवर आणतील, गरज वाटल्यास एखादे दुसरे औषध जोडतील आणि मग दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतील. शेवटचा पाव तुकडा सर्वांत अवघड जातो. या काळात सीबीटीचा फायदा विशेष दिसतो, कारण गोळी कमी करताना होणारी धडधड आणि थरथर हुबेहूब झटक्यासारखी असते आणि तिला न घाबरण्याचा सराव नसेल तर माणूस पुन्हा पूर्ण गोळीकडे वळतो. चाचण्यांतही असे दिसले आहे की केवळ मात्रा कमी करत गेलेल्यांपेक्षा जोडीला सीबीटी घेतलेल्यांना अशी गोळी सोडणे अधिक प्रमाणात जमते.

या वयात ती सोडण्याचे आणखी एक कारण आहे. रात्री उठताना तोल जाऊन पडणे, विसरभोळेपणा आणि दिवसाची गुंगी या तक्रारी या गटातील गोळ्यांनी वाढतात. अल्प्राझोलाम ही एच-वन या अनुसूचीत असल्याने दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देऊ नये आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम २०१४पासून लागू आहे. अकरा वर्षे एकाच जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत असतील तर ती सोय तुमच्या हिताची नाही. संध्याकाळी मद्य घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण ते या गोळीबरोबर धोकादायक ठरते.

प्रश्न : आमच्या तालुक्याला सीबीटी करणारे कोणी नाही. एका समुपदेशकांकडे तीन वेळा गेलो, त्यांनी ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगितले. हीच सीबीटी का? दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : नाही. ज्या बैठकीत झटक्याचा तपशील विचारला जात नाही, घरचा अभ्यास दिला जात नाही आणि टाळलेल्या गोष्टी करून पाहण्याचा आराखडा नसतो, तिला सीबीटी म्हणता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. सीबीटी तिच्याच कुळातली असली तरी पॅनिकसाठी तिच्यात वर सांगितलेले शरीराचे व्यायाम असावेच लागतात. नवीन थेरपिस्टना फोनवरच विचारा की पॅनिकचे रुग्ण तुम्ही पाहता का, आणि मुद्दाम संवेदना आणण्याचे व्यायाम करून घेता का. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारण्यात काही गैर नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि तिथे गोळ्या मोफत किंवा अल्प दरात मिळतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होता तपासणी करून घेता येते. गोव्यातील वाचकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. ती नियमित थेरपीची जागा घेणार नाही, पण जवळचे केंद्र शोधून देण्यास तिचा उपयोग होतो. पॅनिकची सीबीटी व्हिडिओवरून चांगली करता येते, त्यामुळे गोळ्या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि थेरपी पुण्यातील किंवा मुंबईतील तज्ज्ञांकडून घरबसल्या, अशी विभागणी करायला हरकत नाही. तेवढेही शक्य नसेल तर जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना वर दिलेली चार रकान्यांची वही दाखवायला सुरुवात करा. दर महिन्याच्या दहा मिनिटांच्या भेटीतही त्या वहीवरून पुढच्या महिन्याची एखादी पायरी ठरवता येते.